विशेष निमंत्रित

आमच्याकडे लग्नाची पत्रिका आली की माझी नात ती उघडून अगदी गंभीर चेहऱ्याने विचारते, "आजी, तू ह्यात साधी निमंत्रित आहेस की विशेष?" तिचे आजोबा पेपराच्या आड हसतात. पेपर हलतो, त्यावरून कळतं. ही थट्टा घरात इतकी वर्षं चालली आहे की तिच्यातली मुख्य माणसं गळून गेली आणि मी एकटीच उरले. ते काही बरं नाही. विशेषतः एक डॉक्टरबाई गळून गेल्या, ते तर मुळीच बरं नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

मी सरकारी नर्स. भिवंडीत राहायचं आणि एसटीने तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ड्युटीला जायचं, यात माझी नोकरी गेली. शेवटची बरीच वर्षं मी तिथली इन्चार्ज सिस्टर होते. आता, सरकारी रुग्णालयावर देखरेख ठेवायला एक समिती असते. रुग्ण कल्याण समिती. रुग्णालयाचे अधीक्षक, म्हणजे तिथले मुख्य डॉक्टर, आमच्याकडे तिचे अध्यक्ष होते. शिवाय पंचायतीकडून एक, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, दोघे-तिघे समाजसेवक, आणि शहरातल्या खासगी डॉक्टरांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी. छत गळतंय, जनरेटर बसलाय, कोणाची तक्रार आलीय, हे सगळं तिथे ठरायचं. नर्सेसचं मात्र तिथे कोणीच नव्हतं. रुग्णालयात रात्रंदिवस असणाऱ्या आम्ही, आणि आमच्याबद्दल ठरवणार बाकीचे. ह्या विषयावर मी चहाच्या वेळी इतकी भाषणं ठोकायचे की एका वर्षी अधीक्षकसाहेब कंटाळले आणि त्यांनी मलाच समितीवर बोलावलं.

रीतसर पत्र आलं. 'विशेष निमंत्रित' म्हणून.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बाकीचे सगळे सदस्य. नुसते सदस्य! आणि मी विशेष. माझ्या डोळ्यांसमोर पत्रिकेतला तो खालचा कोपरा आला, जिथे एरवी आमदाराचं नाव छापतात. भिवंडीत राहून, जिथे अर्ध्या देशाचं कापड निघतं असं आम्ही ऐटीत सांगतो तिथे राहून, मी साडी घ्यायला कल्याणला गेले. येताना वाटेत कोन गावाशी रिक्षा अडकली ती अडकलीच, घामाने मी निथळले, पण मांडीवरची मोरपंखी सिल्कची पिशवी काही सोडली नाही. शेजारणीला सांगितलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता सुई कोन देनार?"

आमचे हे तेव्हा एका शाळेत हेडक्लार्क होते. सरकारी कागद वाचण्यात ह्यांचा जन्म गेलेला. ह्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "छान." त्या 'छान'मध्ये काय काय दडलेलं होतं ते तेव्हा मला कळलं नाही. कळण्याच्या मनःस्थितीत बाई नव्हतीच.

बैठक अधीक्षकांच्या केबिनमध्ये होती. मी मोरपंखी सळसळत आत गेले आणि साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. क्लार्क हळूच म्हणाला, "सिस्टर, ती भाऊंची जागा." मी उठून पलीकडे बसले. "ती डॉक्टरमॅडमची." असं करत करत मी टेबलाच्या बाहेर पडले आणि भिंतीकडे, वजनकाट्याच्या शेजारी, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन पोचले. वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटतं? छे. मी समजले, विशेष माणसांना दाटीवाटीत बसवत नाहीत.

भाषण पाठ करून आणलं होतं. साहेब शेवटी म्हणाले, "आणखी काही?" आणि मी उभी राहिले. "सन्माननीय व्यासपीठ," मी सुरू केलं. व्यासपीठ नव्हतं. टेबल होतं आणि त्यावर खारी बिस्किटं होती. सेवा, त्याग, समर्पण असं करत मी पुढे निघाले. भाऊंनी तोवर बशीत चहा ओतून घेतला होता. बऱ्याच वेळाने साहेबांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "सिस्टर, विषय काय आहे?"

भाषणात विषय घालायला मी विसरले होते.

त्यानंतर कुठल्याशा ठरावाला सगळ्यांनी हात वर केले, तसा मीही केला. क्लार्क पुन्हा वाकला. "सिस्टर, तुमचा धरत नाहीत."

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, धरत नाहीत म्हणजे काय? हे जणू त्याच प्रश्नाची वाट बघत बसले होते. "अगं, सदस्याला मत असतं. निमंत्रिताला चहा असतो."

"आणि विशेष?"

"विशेषला बिस्किट."

ही त्या थट्टेची जन्मकथा. घरात इथेच सगळे हसतात आणि उठून जातात. पण मला सांगायचंय ते ह्याच्या पुढचं.

त्या खासगी डॉक्टरांच्या प्रतिनिधी म्हणजे डॉक्टरबाई. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातल्या. बाळंतपणाचं नर्सिंग होम होतं त्यांचं, पॉवरलूमच्या गल्लीला लागून, बायपासपासून फार लांब नाही असं. डोक्यावरून ओढणी, पायांत पुरुषी सँडल, गाडी स्वतः चालवायच्या. मराठी माझ्याहून स्वच्छ. राग आला की हिंदीत शिरायच्या आणि फार राग आला की गप्प बसायच्या. वयाने लहान असो की थोर, सगळ्यांना 'बेटा'. एकदा भाऊंनाही बेटा म्हणाल्या. भाऊ अंजूरकडचे, पंचायतीचे. खाडीकाठच्या शेतांवर गोदामं उभी राहिली त्यात त्यांचीही होती. त्यांना बेटा म्हणणारं त्यांच्या आईनंतर कोणी उरलं नसावं. ते इतके दचकले की चहा सांडला.

मला ही बाई पहिल्या दिवसापासून खटकली. कारण उघड होतं. आमच्याकडे ऑपरेशन थिएटर होतं पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी. म्हणजे अडलेली बाळंतीण पुढे पाठवावी लागायची. आता ज्या बाईचं स्वतःचं नर्सिंग होम आहे ती ह्या समितीवर कशाला येते? आमचं थिएटर सुरू होऊ नये म्हणून! हे मी इतक्या खात्रीने ठरवून टाकलं होतं की त्यांनी खारी खाल्ली तरी मला त्यात डाव दिसायचा.

अडचण एवढीच होती की प्रत्येक बैठकीत त्या एकच प्रश्न विचारायच्या. रंगकामाचा विषय असो की ॲम्ब्युलन्सला नवे टायर घालण्याचा, त्या पेनाचं टोपण टेबलावर वाजवायच्या. "ते ठीक आहे साहेब. भूलतज्ज्ञाचं काय झालं? वर पत्र गेलं का? दाखवा." साहेब म्हणायचे, पाठवलंय. "दाखवा, बेटा." पत्र निघायचं. त्या वाचायच्या आणि म्हणायच्या, "ह्यात 'विनंती' लिहिलंय. 'तातडीची गरज' लिहा." आमचं थिएटर बंद ठेवायला आलेली बाई ते उघडावं म्हणून टोपण वाजवत होती. एवढं समोर दिसत असूनही मी म्हणायचे, हा पण एक डाव असेल. वजनकाट्याशेजारी बसून माझी बुद्धीही तोळ्यामाशाने वाढत होती.

आणि मग त्या पोरीचं प्रकरण झालं.

पोरगी म्हणजे आमच्या लेबर रूमची स्टाफ नर्स. गणेशपुरीच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. तिच्या घरचे भातशेती करणारे, बाकीचे महिने मजुरीला जाणारे. त्या पाड्यातून नर्सिंग शिकून आलेली ती पहिलीच. नोकरी कंत्राटी. वर्ष संपलं की कंत्राट पुन्हा व्हायचं, आणि समितीने नकारात्मक शेरा मारला तर व्हायचं नाही. हात इतका हलका की सुई टोचून झाली तरी पोरं रडायचं विसरायची. बोलायला मात्र भित्री. घाबरली की गावाकडचं बोलायची आणि मग शहरातल्या पोरी हसल्या की आणखी घाबरायची.

एका दुपारी गोदामात पॅकिंगला जाणारी एक बाई कळा देत आली. ड्युटीवरचे डॉक्टर शिबिराला गेले होते, तेही वरून आलेल्या हुकुमानेच. मी रजेवर. पोरगी एकटी. पाणी हिरवं गेलं, म्हणजे बाळाने आत शी केली होती, आणि बाळाचे ठोके मंदावायला लागले. तिने ॲम्ब्युलन्स काढली, बाईबरोबर स्वतः बसली. नियम असा की सरकारी रुग्णालयातून सरकारी रुग्णालयातच पाठवायचं, म्हणजे ठाण्याला. बायपासवर कंटेनरची रांग लागलेली. पुढचं काही हलेना. ठोके आणखी उतरले. तिने ड्रायव्हरला गाडी वळवायला लावली आणि सगळ्यांत जवळचं थिएटर गाठलं. ते डॉक्टरबाईंचं होतं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

त्याच आठवड्यात तक्रार आली. गरीब बाईला सरकारीतून खासगीत का ढकललं? तेही समितीच्याच सदस्यबाईंच्या नर्सिंग होममध्ये? नर्सला कट मिळतो काय? तक्रार बाळंतिणीच्या घरच्यांची नव्हती. भाऊंकडे कोणीतरी आणून दिली होती आणि भाऊंनी ती बैठकीच्या विषयांत घातली. पोरीचं कंत्राट त्याच महिन्याच्या अखेरीला संपत होतं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, मी काय बी घेतला न्हाय."

"माहीत आहे गं."

"घरी सांगितला न्हाय मी. आई म्हनंल, नोकरी गेली म्हंजे कायतरी केलाच असंल."

हे मला जास्त लागलं. नोकरी जाणं वेगळं. चोर ठरून पाड्यावर परत जाणं वेगळं. पुढच्या वर्षी तिच्या पाड्यातली दुसरी कोणी पोरगी बारावीनंतर नर्सिंगला जाणार होती. तिच्या घरच्यांनी काय म्हटलं असतं?

मी पेटून उठले. कोणावर? डॉक्टरबाईंवर. ह्यांना म्हटलं, "बघा, पोरगी जाणार आणि ती बाई टेबलाशी बसून हात वर करणार. पोरीच्या बाजूने केला तर म्हणतील स्वतःचं धंद्याचं बघते. विरुद्ध केला तर स्वतः सुटते. काही झालं तरी तिची खुर्ची पक्की."

हे म्हणाले, "आणि तू काय करणार?"

"मी काय करणार? मला बिस्किट आहे ना."

बैठकीच्या दिवशी मी साधी सुती साडी नेसून गेले. भाषण पाठ केलं नव्हतं, कारण करायचं कोणासमोर? वजनकाट्याशेजारी जाऊन बसले. पोरीला बाहेर थांबायला सांगितलं होतं. साहेबांनी विषय पुकारला. भाऊंनी घसा साफ केला.

तेवढ्यात डॉक्टरबाई उठल्या. आधी मला वाटलं, फोन आला असेल. त्यांनी आपली पर्स घेतली, पेन घेतलं, टेबलाला वळसा घालून सरळ माझ्यापाशी आल्या.

"सिस्टर, उठा."

मी उठले. पूर्वी शाळेत बाई म्हणाल्या की उठायचे तशी.

"तुम्ही तिथे बसा. मी इथे बसते." आणि त्या माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची करकरली.

साहेब म्हणाले, "मॅडम, हे काय?"

"पेशंट माझ्याकडे आली होती. मी ह्या विषयात मेंबर नाही, मी पार्टी आहे. मला विचाराल तेवढं सांगीन. मत देणार नाही. ठरवताना इथे थांबणारही नाही. आणि नर्सच्या कामाचा सवाल आहे, तर टेबलाला नर्स पाहिजे. ही माझी खुर्ची रिकामीच आहे."

क्लार्क म्हणाला, "पण सिस्टर निमंत्रित आहेत..."

"बेटा, निमंत्रण देऊन भिंतीला कोणी बसवतं का? तुझ्या घरी बसवतोस?"

भाऊ हसले. हसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण विरोधी पक्षात आहोत. ते खाकरले. "मॅडम, मी सरळ विचारतो हां. बिल लावलं तुम्ही?"

मला वाटलं, आता त्या म्हणणार, मी एक पैसा घेतला नाही, गरिबांची सेवा वगैरे. मी असते तर म्हटलं असतं. सन्माननीय व्यासपीठ म्हणून सुरुवातसुद्धा केली असती.

"लावलं," त्या म्हणाल्या. "कमी लावलं, पण लावलं. माझ्याकडे पण पोरी ड्युटी करतात. त्यांना पगार देते मी."

"नर्सला काही दिलंत?"

"चहा दिला. ती प्यायली नाही. बाळ रडेपर्यंत दारात उभी होती आणि मग ॲम्ब्युलन्स घेऊन परत गेली. म्हणाली, तिथं कोणी न्हाय."

त्यांनी बाळ कुठल्या अवस्थेत आलं ते सांगितलं, जेवढं विचारलं तेवढंच. पोरीची स्तुती नाही, स्वतःची नाही. 'मी वेळेवर केलं म्हणून वाचलं' हे एक वाक्य त्यांना सहज म्हणता आलं असतं. ते त्यांनी म्हटलं नाही. शेवटी पर्स काखेला लावली आणि म्हणाल्या, "आता मी बाहेर बसते." आणि दार ओढून घेऊन गेल्या.

मी त्या गादीच्या खुर्चीवर बसले होते. वर्षभर जिच्यावर डोळा ठेवला होता तीच. आणि सांगते, त्या क्षणी मला वजनकाटा बरा वाटला. कारण आता सगळे माझ्याकडे बघत होते.

"बोला सिस्टर," साहेब म्हणाले. "ह्या वेळी विषय आहे."

मेले! तो माणूस विसरला नव्हता.

मी म्हटलं, "साहेब, नियम ठाण्याला न्या असं सांगतो. मी नियमाची बाई आहे, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी मी रजेवर नसते आणि त्या गाडीत बसलेली असते ना, तर मी नियम धरून कंटेनरच्या मागे बसून राहिले असते. तिथेच काय व्हायचं ते झालं असतं. आणि आज माझ्याविरुद्ध एक तक्रार आली नसती, कारण माझा कागद बरोबर असता."

भाऊ म्हणाले, "म्हणजे नियम मोडायचा?"

"भाऊ, ठोके इतके उतरले की नर्सने काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. जवळचं थिएटर गाठायचं. तिथे पाटी कसली आहे ते ठोक्यांना कळत नाही. तिने तिचं शिक्षण वापरलं. त्यासाठीच तर तिला इथे ठेवलंय. ती पोरगी चुकली असेल तर कुठे चुकली ते मला एक नर्स म्हणून दाखवा, मी स्वतः तिच्याविरुद्ध बोलते. कट घेतला असेल तर कोणी दिला, कधी दिला, ते विचारा. त्या बाळंतिणीला विचारलंत का कोणी?"

कोणी विचारलं नव्हतं. भाऊंनी तिथल्या तिथे फोन लावला. त्यांच्याच ओळखीच्या गोदामात तिचा नवरा कामाला होता. भाऊ त्याच्याशी हिंदीत बोलले, मग मराठीत, मग नुसतं "हं, हं" करत राहिले. फोन ठेवला आणि डोक्यावरून हात फिरवला.

"तो म्हणतो, ती सिस्टर भेटली तर सांगा, लेकीला बघायला एकदा घरीपण या."

भाऊ म्हणाले, "माझ्याकडे तक्रार आली, मी आणली. माझं ते कामच आहे. पण ही घ्या परत. पोरीवर शेरा नको." आणि लगेच, आवाज चढवून, "पण मग रस्त्यात असं झालं तर काय करायचं ते लेखी द्या ना पोरींना! दर वेळी त्यांनी जीव मुठीत घेऊन ठरवायचं काय?"

ही तक्रार आणणाऱ्याची सूचना, आणि सगळ्या चर्चेतली सगळ्यांत शहाणी. जीव धोक्यात असला तर जवळचं थिएटर, सरकारी असो की खासगी, अशी लेखी सूचना काढायचं ठरलं. साहेबांपुढे एकच अवघड गोष्ट राहिली होती. त्या दुपारी रुग्णालयात डॉक्टर नव्हता, हे इतिवृत्तात लिहायचं की नाही? लिहिलं तर वरून विचारणा होणार, ती त्यांनाच. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग क्लार्कला म्हणाले, "लिहा. डॉक्टर शिबिराला पाठवलेले होते आणि बदली डॉक्टर नव्हता. माझ्या सहीने लिहा." मी त्या माणसाला आयुष्यभर कंटाळवाणा समजत आले होते. होताही. पण त्या दिवशी त्याने ते लिहिलं.

पोरीला आत बोलावलं. साहेब म्हणाले, "तुझं कंत्राट पुढे चालू राहील. समितीचा शेरा नाही." ती म्हणाली, "मी जाव का? वार्डात कोनी न्हाय." आणि गेली. आभार नाहीत, रडणं नाही. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी. सुती साडीचा पदर पुसायला बरा पडतो, सिल्कचा पडत नाही.

पुढचा विषय साफसफाईच्या ठेक्याचा होता. साहेब म्हणाले, "डॉक्टरमॅडमना बोलवा." मी क्लार्कच्या आधी उठले. मला ही बातमी सगळ्यांच्या आधी सांगायची होती. इतके दिवस ज्या बाईबद्दल मनात वाट्टेल ते बोलले तिला निदान एक गोड बातमी तरी आपण द्यावी.

डॉक्टरबाई पॅसेजमध्ये पेशंटच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या म्हातारीने त्यांना केसपेपर काढायची खिडकी विचारली होती आणि त्या तिला हाताने दाखवत होत्या.

"डॉक्टर, झालं!" मी म्हटलं.

"नहीं, नहीं. मुझे मत सुनाओ."

"अहो, पण ती पोरगी—"

"सिस्टर." त्यांनी तळहात वर केला. "मी पार्टी आहे. बाहेरच्या बाकीच्यांना कळायच्या आधी ते मला कळता कामा नये. इतिवृत्त येईल तेव्हा वाचेन."

"इतिवृत्त यायला महिना लागतो!"

"मग महिना."

मी तिथे उभी. पोटात बातमी नुसती उड्या मारतेय आणि ही बाई कानांवर हात ठेवायच्या बेतात. त्यांनाही ऐकायचं होतं हो. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. पण विचारलं नाही. माझ्या नोकरीत मी पुष्कळ हुशार डॉक्टर बघितले. स्वतःच्या कुतूहलाला असं दाराबाहेर बसवणारी ही एकच.

तेवढ्यात पोरगी औषधांची ट्रॉली ढकलत आली. डॉक्टरबाईंना बघून थांबली. मला वाटलं, आता ही सांगणार. डॉक्टरबाईंना तेच वाटलं असावं, कारण त्यांनी घाईने दुसराच प्रश्न विचारला.

"ती मुलगी कशी आहे, बेटा? दूध पिते?"

"हां मॅडम. वजन बी वाढला. काल लसीला आनली व्हती."

"रडली?"

"जरा." पोरगी हसली. "पुढची लस महिन्यानं हाय. त्यांना सांगितलाय, मंगलवारी या, मीच देनार."

ती ट्रॉली ढकलत वॉर्डाकडे वळली. डॉक्टरबाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. महिनाअखेरीला जिचं कंत्राट संपतंय ती पुढच्या महिन्यातल्या मंगळवारचं बोलत होती. ओढणीचं टोक त्यांनी बोटावरून सोडलं.

"मी काही सांगितलेलं नाही हं," मी म्हटलं.

"मी काही ऐकलं नाही," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून उगाचच पुसत बसल्या.

आम्ही आत जायला वळलो तर दारातून भाऊ बाहेर येत होते. मोबाइल हातात, चेहऱ्यावर जरा ओशाळं हसू.

"भाऊ, विषय सुरू होतोय," मी म्हटलं.

"सफाईचा ठेका माझ्या भाच्याकडे आहे," भाऊ डॉक्टरबाईंकडे न बघता म्हणाले. "आता मॅडमनी अशी पद्धत पाडल्यावर मी आत बसलो तर बरं दिसेल का? बसतो इथेच. बाकावर ढेकूण नाहीत ना?"

"मला तर नाही चावले, बेटा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

भाऊ बाकावर ऐसपैस बसले, पाय लांब सोडून, जसे स्वतःच्या गोदामाच्या ओट्यावर बसत असतील. त्याच वेळी वॉर्डाकडून चाकांचा खडखडाट आला. ती पोरगी स्ट्रेचर घेऊन येत होती. ह्या वेळी घाबरलेली नव्हती, आणि तरी गावाकडचंच बोलली.

"भाऊ, पाय आत घ्या. पेशंट हाय."

आणि भाऊंनी घेतले.